न धडकता होणारे ट्रॅक्टरचे अपघात

सडकेवर दोन वाहनांची टक्कर झाली म्हणजे माणसे जमतात, पोलीस येतात, पंचनामा होतो व दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी छापून येतात. परंतु शेतकऱ्याचा ट्रॅक्टर त्याच्याच रानात, कोणत्याही वाहनास, झाडास वा भिंतीस न धडकता उलटतो व चालविणारा त्याखाली सापडतो, तेव्हा बहुधा जवळपास कोणी नसते. शेजारचे लोक धावत येईपर्यंत सारे आटोपलेले असते. मग गावात एवढेच बोलले जाते, की ट्रॅक्टर अंगावर पलटी झाला. त्याची वेळ भरली होती. प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यात कारकुनी करताना वारसनोंदीचे कागद अनेक वर्षे हाताळले आहेत. त्या कागदांत खातेदार मयत झाल्याची तारीख असते, वारसांची नावे असतात, त्यांचे नाते असते. तो कशाने गेला यासाठी मात्र रकाना नसतो. त्यामुळे एका गावचा अनुभव दुसऱ्या गावास कळत नाही, आणि एका शिवारात जे घडले तेच दुसऱ्या शिवारात जसेच्या तसे घडते.

या अपघातांत दैवाचा भाग थोडा असून यंत्राच्या तोलाचा भाग मोठा आहे. ट्रॅक्टर ज्या कारणांनी उलटतो ती कारणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ती ठाऊक असतील तर बहुतेक टाळता येतात. आणि जी टळत नाहीत त्यांतूनही चालकाचा जीव वाचविणारे साधन जगात साठ वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. ही गोष्ट वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बैल आणि यंत्र

कडेगाव तालुक्याची जमीन एकसारखी नाही. सागरेश्वराच्या डोंगरालगतची राने उताराची व तालींची, तर येरळेच्या व सोनहिरा ओढ्याच्या बाजूची राने काळी व खोल. पूर्वी ज्वारी-बाजरी हीच येथील मुख्य पिके असत. ताकारी व टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी वर चढविले, तेव्हापासून उसाचे क्षेत्र वाढले आणि उसाबरोबर ट्रॅक्टरही वाढले. नांगरट, सऱ्या सोडणे, खत पसरणे, गळीत हंगामात वांगीच्या सोनहिरा कारखान्याकडे ऊस नेणे, ही सारी कामे आता ट्रॅक्टरवाचून होत नाहीत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत आडवी आली व तो खपविण्यास त्यांना फार प्रयास पडले. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. आजच्या पलूस तालुक्यातील ते ठिकाण आपल्या शेजारचेच आहे. त्या काळी आपल्या लोकांनी लोखंडावर फाजील अविश्वास दाखविला; आज तितकाच फाजील विश्वास दाखविला जात आहे, असे म्हणावे लागते. बैलास स्वतःचा जीव असतो. विहिरीची कड ढासळती आहे, ताल निसरडी आहे, हे त्यास पायाखाली कळते व तो अडून बसतो. आपण त्यास शिव्या देतो, परंतु त्या अडण्याने कित्येकांचे प्राण वाचले असतील. यंत्र अडत नाही. चाळीस-पन्नास अश्वशक्तीचा, सुमारे दोन टन वजनाचा ट्रॅक्टर कडेपर्यंत जसा जातो तसाच कडेच्या पलीकडेही जातो. बैलाची ती समज यंत्राच्या अंगी नाही. सबब ती चालकाने स्वतःच्या अंगी आणली पाहिजे.

मागे उलटणे

सर्वांत घातक प्रकार म्हणजे पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागच्या मागे उलटणे. इंजिनाचे बळ मागच्या आसाकडे जाते व आस चाके फिरवितो. चाके मोकळी असली म्हणजे ट्रॅक्टर पुढे जातो. पण चाके चिखलात रुतून घट्ट बसली असतील तर ते बळ कोठे जाणार? चाक फिरत नाही, म्हणून ट्रॅक्टरचे धडच आसाभोवती फिरू लागते व त्याचे तोंड आकाशाकडे जाते. रुतलेला ट्रॅक्टर काढण्यासाठी मागच्या चाकांना लाकडी ओंडका साखळीने बांधणे, किंवा चाकापुढे दगड ठोकून क्लच झटक्याने सोडणे, हे उपाय म्हणूनच जीवघेणे आहेत. त्यांनी चाकाची उरलीसुरली मोकळीक नाहीशी होते.

दुसरे कारण ओढ उंचावर बांधण्याचे. ट्रॅक्टरास मागे खाली जो ओढपट्टा, म्हणजे ड्रॉबार असतो, तो आसाच्या पातळीखाली मुद्दाम दिलेला आहे. ओढ तेथे असली तर ओझ्याचा ताण ट्रॅक्टरास मागे पाडू शकत नाही. तीच साखळी आसाला किंवा वरच्या टॉपलिंकच्या जागी बांधली, तर तोच ताण ट्रॅक्टरास मागे खेचून उलटा करतो. झाडाचे बुंधे उपटताना, रुतलेली ट्रॉली ओढताना किंवा दुसऱ्याचा ट्रॅक्टर काढताना ही चूक हमखास होते, कारण वरची जागा हातास सोपी असते.

पुष्कळांची अशी समजूत असते, की तोंड उचलू लागले तर आपण चटकन क्लच दाबू. ही समजूत फसवी आहे. पुढची चाके उचलल्यापासून ट्रॅक्टर परत खाली न येण्याच्या बिंदूपर्यंत जाण्यास सुमारे पाऊण सेकंद लागतो व दीड सेकंदाच्या आत तो पुरता उलटतो. धोका डोळ्यांनी पाहून, मनाने ओळखून, पाय उचलून क्लचवर ठेवण्यासही जवळजवळ तितकाच वेळ जातो. म्हणजे कळते तेव्हा उशीर झालेला असतो. यास्तव सावधगिरी आधीच हवी. रुतलेला ट्रॅक्टर शक्य तर मागे घेऊन काढावा. न निघाल्यास चाकाभोवतीची माती फावड्याने काढावी. तरीही न निघाल्यास दुसऱ्या ट्रॅक्टरने, दोहोंकडे साखळी खालच्या पातळीस बांधून, सावकाश ओढून घ्यावा. क्लच नेहमी हळू सोडावा. चढ फार उभा असेल तर तो तोंड वर करून चढण्याऐवजी मागच्या बाजूने चढावा व उतरताना तोंड खाली ठेवून उतरावे.

पुढची चाके उचलून दाखविण्याची हौस काही तरुणांस असते. तिजविषयी एवढेच सांगणे पुरे, की ऑक्टोबर २०२३ मध्ये पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यात अशा खेळात एक अनुभवी चालक स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली चिरडून मरण पावला व त्या सरकारने असे खेळ तत्काळ बंद केले.

कुशीवर उलटणे

संख्येने पाहिले तर कुशीवर उलटण्याचे प्रसंग अधिक. ट्रॅक्टरचा तोल उंच असतो, कारण पिकावरून जाण्यासाठी त्याचे पोट जमिनीपासून वर ठेवलेले असते. आडव्या उतारावर खालचे चाक खळग्यात गेले किंवा वरचे चाक ढेकळावर अथवा दगडावर चढले, की तोल खालच्या चाकाच्या बाहेर पडतो. तालीवरून खाली उतरताना, बांध तिरका ओलांडताना व पाटाच्या कडेने जाताना हेच घडते. बांध ओलांडावयाचा असेल तर त्यास दोन्ही बाजूंनी उतार देऊन, सरळ, अगदी हळू ओलांडावा. उतारावर वळावयाचे झाल्यास उताराच्या दिशेने वळावे, चढाच्या दिशेने नव्हे. आडव्या उतारावर मागील अवजार शक्य तितके खाली ठेवावे. फवारणीची टाकी अर्धी भरलेली असल्यास आतील पाणी उताराकडे धावते व तोल आणखी बिघडवते, हेही ध्यानात असावे.

वेगाचा हिशेब तर प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. वळणावर वाहन बाहेर फेकणारी ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १० किलोमीटरच्या वेगाने जी ओढ लागते, ती २० किलोमीटरच्या वेगाने दुप्पट नव्हे, चौपट होते. रिकामा ट्रॅक्टर घेऊन घरी परतताना रस्त्याच्या वळणावर उलटण्याचे रहस्य यातच आहे.

ट्रॅक्टरास डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक स्वतंत्र असतात. सरीच्या टोकास आखूड वळण घेण्यासाठी ती सोय आहे. परंतु सडकेला लागताना दोन्ही पायपट्ट्या जोडणारी कडी लावलीच पाहिजे. ती न लावता वेगात एकच ब्रेक दाबला गेला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरून कुशीवर पडतो.

चर, ओढा व विहीर यांच्या कडेने जाताना एक सोपे माप लक्षात ठेवावे : चर जितका खोल, निदान तितके अंतर त्याच्या काठापासून ठेवावे. दहा फूट खोल चराच्या काठावरून दोन फुटांवरून चाक नेले, तर खालची माती त्या भाराने सुटते. विहिरीच्या बाबतीत तर याहूनही दूर राहावे, विशेषतः पावसानंतर. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतमजूर स्त्रियांना कामावर घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह पाण्याने भरलेल्या विहिरीत पडला. हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्याच्या गुंज गावच्या ७ स्त्रिया त्यात बुडून मरण पावल्या. तिघांना बाहेर काढता आले. तेथे दुसरे वाहन नव्हते, टक्कर नव्हती. आपल्या शिवारातही कठडा नसलेल्या, गवताने झाकलेल्या विहिरी किती आहेत, याची मोजणी प्रत्येक गावाने करावी. कठडा बांधण्यास पैसा नसेल तर निदान चारी बाजूंना उंच दांडे रोवून त्यांस पांढरा चुना लावावा.

ट्रॉली व उतार

उसाने भरलेल्या ट्रॉल्यांचे वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या कित्येक पटींनी अधिक असते व बहुतेक ट्रॉल्यांस स्वतःचा ब्रेक नसतो. घाटाच्या किंवा साध्या उताराच्या रस्त्याने खाली येताना ट्रॉली मागून लोटू लागते. चालकाने ब्रेक दाबताच ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्यास ढकलून उलटे करते. चढावर उलट घडते : भार मागे असल्याने तोंड हलके होऊन चाके उचलतात व सुकाणू चालेनासे होते. उपाय असा, की उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गियर घालावा, डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये, उताराच्या मध्यावर गियर बदलू नये, आणि चढाच्या वाटेवर दोन ट्रॉल्या एकदम ओढण्याचा हव्यास धरू नये. एक खेप वाचविण्याच्या नादात घरचा कर्ता जातो, हा व्यवहार कोणत्याही वहीत नफ्याचा ठरत नाही.

लोखंडी चौकट व पट्टा

आता मुख्य उपायाकडे वळू. ट्रॅक्टर उलटला तरी चालकाभोवती जागा मोकळी राहावी म्हणून बैठकीमागे किंवा बैठकीच्या चारी बाजूंस भक्कम लोखंडी चौकट बसवितात, व चालकास बैठकीशी पट्ट्याने बांधतात. ट्रॅक्टर कुशीवर गेला तर चौकट त्यास तेथेच थोपविते. तो पूर्ण गरगरत नाही. पट्टा चालकास त्या मोकळ्या जागेतच ठेवतो. या दोहोंचा उपयोग जोडीनेच आहे.

स्वीडन देशाने १९५९ साली प्रत्येक नव्या ट्रॅक्टरास परीक्षा केलेली चौकट असणे बंधनकारक केले. पुढे जुन्या ट्रॅक्टरांसही नियम लावला गेला, आणि तेथे ट्रॅक्टर उलटून मरणाऱ्यांची संख्या काही दशकांत जवळजवळ शून्यावर आली. डोंगर तेच, शेतकरी तेच, यंत्रेही तशीच. फरक तेवढ्या लोखंडाचा. अमेरिकेत १९७६ पासून मजुराकडून चालविल्या जाणाऱ्या नव्या ट्रॅक्टरांस ती सक्तीची झाली व १९८५ पासून तेथील कारखानदार ती आपण होऊन बसवू लागले. आपल्या देशात तयार झालेला जो ट्रॅक्टर अमेरिकेत विकला जातो, त्यावर चौकट व पट्टा असतो. आपल्या रानात चालणाऱ्या बहुसंख्य ट्रॅक्टरांवर मात्र ती नाही. तेथील शेतकऱ्याची छाती आपल्याहून नाजूक असते असे नाही. ट्रॅक्टर खरेदी करताना आपण रंग, घोडे व डिझेलचा खर्च विचारतो; चौकट मागत नाही. जे कोणी मागत नाही ते दुकानात येत नाही.

येथे चार गोष्टींचा इशारा देणे अवश्य आहे. पहिली, सावलीसाठी बसविलेले पत्र्याचे वा फायबरचे छत म्हणजे चौकट नव्हे; ते पहिल्याच आघातास चेपते. दुसरी, गावच्या कारखान्यात नळ्या जोडून केलेली चौकट वापरू नये; ज्या चौकटीची परीक्षा झालेली नाही ती ऐन वेळी मोडेल की टिकेल हे कोणीच सांगू शकत नाही. चांगल्या चौकटीसही भोके पाडणे अगर वेल्डिंग करणे वर्ज्य समजावे. तिसरी, ज्या ट्रॅक्टरास चौकट नाही त्यावर पट्टा बांधू नये. तेथे पट्टा चालकास यंत्राखालीच जखडून ठेवील. चौथी, आंब्याच्या बागेत फांद्यांसाठी दुमडती चौकट खाली करावी लागली, तर काम होताच ती पुन्हा उभी करावी.

बैठक एकच आहे

ट्रॅक्टरवर कारखानदाराने बैठक एकच दिलेली असते. मडगार्डवर बसलेला मुलगा, मागील अवजारावर उभा राहिलेला गडी, ट्रॉलीच्या जोडदांडीवर टेकलेला मजूर, यांपैकी कोणासही धरावयास आधार नसतो. एका ढेकळाच्या धक्क्याने तो मागच्या चाकाखाली किंवा चालत्या रोटाव्हेटरमध्ये पडतो. नातवास मांडीवर घेऊन रानात फेरी मारण्याची आजोबांची हौस समजण्याजोगी आहे, पण तिची किंमत फार मोठी असू शकते. परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण लागतात. शाळकरी मुलाच्या हाती यंत्र देणे हे कौतुक नव्हे.

न उलटताही चालकास इजा होते. चढता-उतरता पाय घसरून पडणे, व दिवसेंदिवस हादऱ्यांनी कंबरेचे मणके झिजणे, हे त्यांतील प्रमुख प्रकार. पायरीवरील चिखल व तेल पुसावे, उडी मारून उतरू नये, बैठकीची स्प्रिंग चालकाच्या वजनाप्रमाणे जुळवावी, आणि तास-दोन तासांनी उतरून चार पावले चालावे.

कागदपत्रांविषयी

अपघातानंतर घरच्यांची धावपळ कागदांसाठी होते, म्हणून ही माहिती आधीच असावी. राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून या स्वरूपात आहे. खातेदार शेतकरी, अथवा त्याच्या कुटुंबातील खातेदार नसलेला कोणताही एक सदस्य, वय १० ते ७५, यांस ती लागू आहे. अपघाती मृत्यूस किंवा दोन अवयव वा दोन डोळे निकामी झाल्यास २ लाख रुपये, व एक अवयव वा एक डोळा निकामी झाल्यास १ लाख रुपये, असे तिचे स्वरूप आहे. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो. सातबारा, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, वारसांची नमुना ६-क मधील नोंद व पोलिसांकडील पंचनामा हे कागद लागतात. रानातला अपघात म्हणून पोलिसांस न कळवता उरकून घेण्याची जी रीत आहे, ती याच ठिकाणी आडवी येते. पंचनामा नाही तर पुरावा नाही.

ट्रॅक्टरच्या विमापत्रात मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेले आहे की नाही, हे आजच काढून पाहावे; केवळ परक्याच्या नुकसानीचा विमा असल्यास मालकाच्या स्वतःच्या जिवास त्यात काही नसते. परवान्याची मुदत संपलेली असली तरीही दावा अडतो. पगारी चालक ठेवला असेल तर मालकावर कायद्याची जबाबदारी येते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टातच ट्रॅक्टरने शेती करण्याच्या कामावरील माणसाचा उल्लेख होता. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. चालकाच्या नावाने विम्यात जादा रक्कम भरणे हे म्हणूनच दयेचे नव्हे, तर व्यवहाराचे काम आहे.

अपघात झालाच तर

प्रथम इंजिन बंद करावे. डिझेल सांडलेले असते, म्हणून जवळ विडी-काडी नको. लगेच १०८ वर रुग्णवाहिका व ११२ वर पोलीस यांस कळवून गावाचे, रस्त्याचे व रानाचे नाव नीट सांगावे, आणि एक माणूस सडकेवर उभा करावा. घाईने दुसऱ्या ट्रॅक्टरची साखळी लावून ओढू नये. यंत्र घसरून पुन्हा त्याच माणसावर येते. आधी लाकडी ठोकळ्यांनी त्यास आधार द्यावा, मगच सावकाश उचलावे. माणूस किती वेळ दबून होता ती वेळ ध्यानात ठेवून डॉक्टरांस सांगावी. फार वेळ चेपलेला अवयव मोकळा झाल्यावर शरीरात विषारी द्रव्ये पसरतात व त्यावर तातडीने उपचार करावे लागतात. बाहेरून जखम दिसली नाही तरी छातीत वा पोटात मार असू शकतो, म्हणून घरी नेऊन झोपवू नये. एकट्याने रानात जाणाऱ्याने कोणत्या गटात काम आहे व केव्हा परतणार, हे घरी सांगून जावे व मोबाइल ट्रॅक्टरच्या पेटीत न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवावा.

या सर्वांत खर्चाची बाब एकच, ती म्हणजे चौकट. आणि ट्रॅक्टरच्या किमतीपुढे ती थोडी आहे. एकट्याने मागितली तर विक्रेता टाळाटाळ करील. दहा-वीस सभासदांनी मिळून संघामार्फत, आपापल्या ट्रॅक्टरच्या मूळ कारखान्याचीच परीक्षित चौकट लेखी मागणी करून मागविली, तर त्यास ती आणावीच लागेल. येत्या गळीत हंगामापूर्वी प्रत्येक गावच्या सभासदांनी एवढी तीन कामे करावीत : ट्रॅक्टरची यादी करून चौकटीची मागणी नोंदवावी, उघड्या विहिरींवर खुणा कराव्यात, आणि प्रत्येक चालकास ओढपट्ट्याची योग्य जागा रानात उभे राहून दाखवावी. तिसऱ्या कामास एक पैसाही पडत नाही, व ते उद्या सकाळी करता येण्याजोगे आहे.